तिसऱ्या पायरीवर

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी दाताच्या दवाखान्यातली खुर्ची उघडून तिच्या पोटात हात घालून बसले होते. सात वर्षांत या माणसाने मला फोन केला नव्हता. नंबरसुद्धा माझ्याकडे नव्हता, पण आवाज कसा विसरणार?

"काय मेहुणीबाई, ओळख ठेवलीत का?"

"ओळख विसरावी असं तुम्ही काही केलेलंच नाही," मी म्हणाले.

ते हसले. भाऊजींना टोमणा कळतो, पण तो आपल्यासाठी नाही असं समजून पुढे जायची त्यांना कला आहे. क्लबच्या तरणतलावाचं काम मिळालंय, नवा हीटर, नवा पंप, सगळं आणून ठेवलंय, फक्त वायरिंग करून सही करणारा लायसन्सवाला माणूस हवाय, असं त्यांनी एका दमात सांगितलं. दोघाचौघांना विचारलं होतं म्हणे, सगळे कामात. खरं म्हणजे आमच्या धंद्यात भाऊजींच्या पंपाला वायर जोडायला कोणी तयार होत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. मग मागून ताईचा आवाज आला आणि फोन तिच्याकडे गेला.

"ठिणगे, ये ना गं. गुडघेदुखीवाल्यांचे व्यायाम मीच घेते तिथे, पाण्यात. गार पाण्यात बिचारे आखडून जातात. तू केलंस तर मला काळजी नाही."

ठिणगी हे माझं घरातलं नाव. दादाने ठेवलेलं, माझ्या स्वभावावरून. मी ताईला हो म्हणाले. तिला वाटलं, मी सगळं विसरले. मी काही विसरले नव्हते. फोन खाली ठेवला तेव्हा मला राग आला होता की आनंद झाला होता, हे मला सांगता आलं नसतं.

दादा आमचा सगळ्यांत थोरला. वायरिंग मला त्यानेच शिकवलं. सात वर्षांपूर्वी एका शाळेच्या तलावाचं काम त्याने आणि भाऊजींनी मिळून घेतलं होतं. पंप भाऊजींचा, वायरिंग दादाचं. तो पंपही असाच, वेग कमीजास्त करता येणारा. सावकाश फिरवला की वीज फार कमी खातो, आणि भाऊजी तो विकतात तेव्हा एवढंच सांगतात. न सांगितलेली गोष्ट अशी की पंप फार सावकाश फिरला तर हीटरमधून पाणी पुरेसं वाहत नाही, आणि पाणी पुरेसं वाहिलं नाही तर हीटरची कांडी स्वतःच्याच उष्णतेने फाटते आणि वीज पाण्यात उतरते. म्हणून हीटरला एक फ्लो स्विच असतो. पाण्याचा जोर कमी झाला की तो हीटर बंद करतो. त्याखेरीज आरसीसीबी असतो, म्हणजे वीज नको तिथे गळायला लागली की पापणी लवायच्या आत पुरवठा तोडणारा स्विच. दादाने दोन्ही लावले होते. माझ्या डोळ्यांदेखत लावले होते.

दादा काम संपवून निघून आल्यावर भाऊजींनी पंपाचा वेग उतरवला. हीटर बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. मग त्यांनी फ्लो स्विचच्या दोन टोकांमध्ये बोटभर वायर घातली, ज्याला आम्ही जंपर म्हणतो. झालं, स्विच आंधळा. नंतर आरसीसीबी पडायला लागला, तर तोही बाजूला काढला. तिसऱ्या दिवशी दादा शाळेला काम सोपवायला गेला, काठावर गुडघे टेकून बसला आणि पाणी किती कोमट झालंय ते बघायला त्याने उजवा हात पाण्यात घातला.

हात वाचला. दोन बोटं कायमची वाकडी झाली आणि मनगटात जोर राहिला नाही. चौकशी झाली, तेव्हा भाऊजी म्हणाले, "मी पंप विकतो हो. वायरला मी हातही लावत नाही." कागदावर सही दादाची होती. लायसन्स दादाचं गेलं.

फ्लो स्विचच्या जळक्या डब्यात सापडलेला जंपर हिरवा होता. हिरवी वायर अर्थिंगची. कोणताही वायरमन मेला तरी ती दुसऱ्या कशाला वापरत नाही, आणि दादा तर नाहीच नाही. पण भाऊजींच्या गाडीत कुठल्याशा कामातून उरलेलं हिरव्या वायरचं भलं मोठं वेटोळं पडलेलं असायचं, आणि कुठेही तुकडा लागला की ते त्यातलाच कापायचे. मी हे चौकशीत ओरडून सांगणार होते. दादाने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. ताईला तेव्हा आठवा महिना होता. "गप्प बस," तो म्हणाला, आणि स्वतःही मूग गिळून बसला, तो आजतागायत.

मी मात्र चौकशीचा निकाल जपून ठेवला. त्याच्या शेवटी असं लिहिलेलं आहे की जोडणीत नंतर कोणी बदल केला होता हे पुढे उघड झालं, आणि ते त्या माणसाने दोन त्रयस्थ साक्षीदारांसमोर कबूल केलं, तर लायसन्सचा फेरविचार होईल. ते वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की झोपेत विचारलंत तरी घडाघडा म्हणून दाखवीन. मला दोन साक्षीदार हवे होते आणि भाऊजींचं तोंड. आणि खरं सांगायचं तर नुसतं लायसन्सच नको होतं. तो माणूस चारचौघांत खाली मान घालून उभा राहिलेला मला बघायचा होता.

काम चार दिवसांचं होतं. मी ते जीव ओतून केलं. सूड घ्यायला गेलेलं माणूस इतकं चोख काम करतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मशीनरूममध्ये पंप आणि हीटर शेजारी शेजारी, कोपऱ्यात बंद पडलेला जुना बॉयलर आणि त्याचा वेगळा ब्रेकर. हीटरला वेगळा ब्रेकर, त्याच्याखाली वेगळा आरसीसीबी. पंप आधी सुरू होणार, पाण्याचा जोर आला की मगच हीटर. बंद करताना हीटर आधी, आणि पंप पुढे पाच मिनिटं फिरत राहणार, म्हणजे आत कोंडलेली उष्णता पाण्याबरोबर निघून जाते. शिडी, कठडे, पंपाचं अंग, हीटरचं अंग, सगळं एकाच अर्थिंगला बांधलं. पॅनेल बाहेरच्या बोळात होतं. त्यावर प्रत्येक ब्रेकरखाली चिठ्ठी लावली, सुवाच्य अक्षरात.

भाऊजी रोज यायचे. खुर्ची ओढून बसायचे आणि माझं कौतुक करायचे. चौथ्या दिवशी मी पंप मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर लावला, हीटर सुरू झाला, पाणी तापायला लागलं.

"बाराशेवर आण," ते म्हणाले.

मी आणला. टक् असा आवाज झाला आणि हीटरचा दिवा गेला.

"हे काय?"

"बाराशेवर पाणी पुरत नाही. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"अगं, पण मी कमिटीला बाराशे सांगून बसलोय. निम्मी वीज वाचणार म्हणून लेखी दिलंय. शनिवारी अध्यक्षबाई स्वतः बघायला येणार आहेत." त्यांनी घसा खाकरला. "तेवढं बघ ना काहीतरी."

"काय बघू?"

"आता तुला काय सांगायचं. तू जाणती आहेस."

"मला नाही कळलं. तुम्ही सांगा ना. काय करू?"

ते छताकडे बघायला लागले. मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी तो शब्द उच्चारावा म्हणून मी अर्धा तास तिथे उभी राहिले असते. पण माणूस मुरलेला. "बरं बरं, बघू," म्हणून उठले आणि गाडीकडे गेले.

मी सहीच्या कागदावर लिहिलं, हीटर चालू असताना पंप दोन हजाराच्या खाली आणू नये. मग पिशवीतून नखांना लावायचं लाल पॉलिश काढलं आणि फ्लो स्विचच्या डब्याच्या चारही स्क्रूंवर एकेक थेंब सोडला. स्क्रू कोणी फिरवला की थेंब तडकतो. हीही दादाची शिकवण, फक्त तो घरातला पिवळा रंग वापरायचा. भाऊजी डबा उघडणार याची मला सूर्य उगवण्याइतकी खात्री होती. मला फक्त वाट बघायची होती.

संध्याकाळी दादाकडे गेले. तो डाव्या हाताने शेजाऱ्यांची इस्त्री दुरुस्त करत होता. उजव्या हाताने ती फक्त दाबून धरायची, एवढंच त्या हाताचं काम उरलंय.

"झालं क्लबचं?"

"झालं. उत्तम झालं."

"मग तोंड असं का?"

"कसं?"

"भांडायला निघाल्यासारखं." त्याने इस्त्रीचा तळ उलटा केला. "ठिणगे, तो माणूस वाईट नाही गं. आळशी आहे."

"फरक काय पडतो?"

दादाने आपल्या वाकड्या बोटांकडे पाहिलं आणि तो जरासा हसला. "यांना विचारलंस तर काही नाही," तो म्हणाला. मी त्याला माझा बेत सांगितला नाही. सांगितला असता तर त्याने पुन्हा मनगट धरलं असतं, आणि आता ते मला सहन झालं नसतं.

शनिवारी मी दोन तास आधी क्लबवर पोहोचले. पंपाचा आवाज दारातूनच ओळखू आला. सावकाश, मांजर गुरगुरतं तसा. बाराशे. आणि मशीनरूममध्ये हीटरचा दिवा लागलेला होता. माझ्या चार थेंबांपैकी चारही तडकले होते. डब्याचं झाकण उघडलं, आत बोटभर वायर होती.

हिरवी.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? सात वर्षं दात-ओठ खात काढली होती, आणि देवाने ताटात वाढून दिलं होतं. त्यांनी रंगसुद्धा बदलला नव्हता. मी फोनवर फोटो काढला, झाकण होतं तसं लावलं आणि बोळात आले. ताईने सकाळी कळवलं होतं की आज कोणी पेशंट नाहीत, फक्त कमिटीला ती व्यायामाचे दोनचार प्रकार पाण्यात करून दाखवणार आहे. त्याच्या आत मी भाऊजींचं पितळ उघडं पाडणार होते, पण उगाच जोखीम नको. मी पॅनेल उघडलं, 'हीटर' असं माझ्याच अक्षरात लिहिलेला ब्रेकर खाली पाडला, त्याला माझं लाल कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. पंप तसाच चालू ठेवला. भाऊजींना आवाज ऐकू येत राहायला हवा होता, म्हणजे सगळं चालू आहे असं ते समजून चालले असते. आता पाणी नळाच्या पाण्याइतकं निर्धोक होतं आणि फास तयार होता. तेवढ्यात क्लबच्या मॅनेजरने काठावरून हाक मारली आणि मी पॅनेलचं दार लोटून निघाले.

अध्यक्षबाई काठी टेकत आल्या. पंच्याहत्तरीच्या, आणि प्रत्येक कागद भिंगातून वाचणाऱ्या. मॅनेजर त्यांच्या मागे वही घेऊन. हे माझे दोन साक्षीदार. ताई पोहण्याच्या पोशाखात, खांद्यावर टॉवेल, आनंदात. भाऊजी नव्या शर्टात. काठावरच्या छोट्या पडद्यावर दोनच आकडे होते, पंपाच्या फेऱ्या बाराशे आणि पाणी तीस अंश.

"बघा बाई," भाऊजी म्हणाले, "बाराशेवर पंप, आणि पाणी कसं कोमट. चला, हीटर पण दाखवतो."

"आत जाण्याआधी एक विचारू?" मी पुढे झाले. "भाऊजी, हे सगळं सुरक्षित आहे ना?"

"म्हणजे काय. तूच केलंयस."

"मी केलं तसंच आहे ना अजून? कोणी हात लावलेला नाही?"

त्यांची नजर एकदा माझ्याकडे आणि एकदा मशीनरूमच्या दाराकडे गेली. "कोण लावणार हात? मी पंप विकतो. वायरला मी हातही लावत नाही."

तेच वाक्य. शब्दन् शब्द तेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज मी गोड ठेवला.

"मग उतरा पाण्यात."

"आत्ता? मी कपडे कुठे आणलेत?"

"मग हात घाला. उजवा. कोपरापर्यंत घाला आणि बाईंना सांगा, पाणी किती कोमट आहे."

भाऊजींनी दोन्ही हात खिशात घातले. ते त्यांच्याही लक्षात आलं नसावं. अध्यक्षबाईंनी भिंग डोळ्याला लावलं, जणू भाऊजी हा एक कागदच आहे. "घाला ना हात," त्या म्हणाल्या, "त्यात काय एवढं?"

"बाई, ही आमची घरगुती थट्टा आहे," भाऊजी म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी तो बघत होते. मला वाटत होतं, हे असंच तासभर चालावं.

आणि ताई मध्ये पडली.

"पुरे झालं तुझं," ती माझ्यावर कडाडली. "सात वर्षं तू यांना पाण्यात पाहत आलीस. मला वाटलं, बहिणीसाठी आलीस. तू यांचा पाणउतारा करायला आलीस होय? यांनी केलंय ना ते? मग मी उतरते. बघ."

तिने टॉवेल बाकावर फेकला आणि ती पायऱ्यांकडे गेली.

पायऱ्या पाच. मी एका शब्दात तिला थांबवू शकले असते. थांबवलं नाही. वीज बंद होती, किल्ली माझ्या मांडीला टोचत होती, आणि माझं सगळं लक्ष भाऊजींच्या चेहऱ्यावर होतं. आता बघू, मी मनात म्हणत होते, आता बघू किती वेळ गप्प बसता. ताई पहिल्या पायरीवर उतरली. पाणी घोट्याला लागलं. भाऊजींचं तोंड उघडलं आणि मिटलं. दुसरी पायरी. त्यांनी अध्यक्षबाईंकडे पाहिलं, मग मॅनेजरच्या वहीकडे. हा माणूस हिशोब करतोय, माझ्या मनात आलं, बायको पाण्यात उतरतेय आणि हा हिशोब करतोय. ताईने तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला. पाणी मांड्यांपर्यंत आलं आणि तिने तोल सांभाळायला शिडीच्या कठड्याकडे हात नेला.

"नको," भाऊजी ओरडले. "धरू नकोस ते. बाहेर ये. मी जंपर टाकलाय, हीटर आरसीसीबीवर नाही, पहाटेपासून दोनदा पडला म्हणून मी काढला. बाहेर ये आधी, कशालाही हात लावू नकोस."

ते काठावर मटकन बसले. रडत होते की धापा टाकत होते, कळत नव्हतं. "उद्या सकाळी काढणार होतो," ते म्हणत राहिले. "शपथेवर सांगतो, आजचं झालं की काढणारच होतो. शाळेतही काढणारच होतो."

शाळेतही. मी मॅनेजरकडे वळले. "लिहिलंत ना? शाळेतही, असं म्हणाले ते." मॅनेजर लिहीत होता. अध्यक्षबाईंनी भिंग खाली घेतलं होतं. सात वर्षं ज्याची वाट पाहिली ते अर्ध्या मिनिटात होऊन गेलं, दोन साक्षीदारांसमोर, खाली मान घालून. माझ्या मनात ढोल वाजत होते.

ताई बाहेर आली नव्हती. तिसऱ्या पायरीवरच उभी होती, हात छातीशी घट्ट धरून.

"तीन पायऱ्या लागल्या तुम्हाला," ती भाऊजींना म्हणाली. अगदी हळू. मग माझ्याकडे वळली. "आणि तुला माहीत होतं."

"ताई, वीज बंद आहे. मी आधीच बंद करून ठेवलीय. कुलूप लावलंय, ही बघ किल्ली. तुला काही होणार नव्हतं."

"ते तुला माहीत. मला कुठे माहीत होतं?"

ती बाहेर आली आणि बाकावर बसली. मला तिच्याशी बोलायचं होतं, पण आधी तिला दाखवायचं होतं की मी भाऊजींसारखी नाही. मी जीव पणाला लावला नव्हता, मी आधी बंद केलं होतं. पुरावा म्हणून हीटरचा विझलेला दिवा मला अध्यक्षबाईंना दाखवायचा होता. मी बोळात गेले, कुलूप जागेवर होतं. मशीनरूमचं दार उघडलं.

हीटरचा दिवा लागलेला होता.

क्षणभर मला काही समजेना. मी खिशातून टेस्टर काढला आणि हीटरच्या टोकांना लावला. टेस्टरमधला दिवा लागला. पुन्हा लावला, पुन्हा लागला. आणि मग भाऊजींचं वाक्य मला पहिल्यांदा पूर्ण ऐकू आलं. हीटर आरसीसीबीवर नाही. मघाशी मी त्यातलं मला हवं तेवढंच ऐकलं होतं. त्यांनी हीटरची वायर माझ्या ब्रेकरवरून काढून कोपऱ्यातल्या त्या जुन्या बॉयलरच्या ब्रेकरवर नेऊन जोडली होती. माझं कुलूप एका रिकाम्या ब्रेकरला लागलेलं होतं. वरची चिठ्ठी माझी, अक्षर माझं, आणि त्या चिठ्ठीवर मी विसंबले होते.

ब्रेकर पाडायचा, कुलूप लावायचं, आणि मग ज्या यंत्रावर काम आहे त्याच्या टोकाला टेस्टर लावून बघायचं. यातलं तिसरं केल्याशिवाय पहिल्या दोनांना काही अर्थ नाही, हे दादाने मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि मी ते इतकी वर्षं न चुकता केलं होतं. एकदाच नाही केलं. मॅनेजरने हाक मारली हे काही कारण नाही. पाच पावलांवर दार होतं. मला घाई झाली होती, भाऊजींचा चेहरा बघायची.

मी जुना ब्रेकर पाडला. दिवा गेला. मागे वळले तर भाऊजी दारात उभे. त्यांनी दिवा लागलेला पाहिला होता आणि माझ्या हातातला टेस्टरही. पंप विकत असले तरी त्यांना एवढं कळतं.

ते कुत्सित हसले असते तर बरं झालं असतं. हसले नाहीत.

"उशिरा का होईना, मी ओरडलो तरी," ते म्हणाले आणि निघून गेले.

मी टेस्टर खिशात टाकला. पाण्यात वीज उतरली नव्हती. उतरली असती तर ताईला पहिल्याच पायरीवर कळलं असतं. पण ते उपकार न फाटलेल्या कांडीचे, माझे त्यात काही नव्हते. भाऊजी बाहेर कोणाला काही सांगणार नाहीत, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. त्यांच्यावर आता कोणी विश्वासही ठेवला नसता. मी तो जुना ब्रेकर पाडला होता, दिवा विझला होता, बाहेर जाऊन अध्यक्षबाईंना विझलेला दिवा दाखवायला मी मोकळी होते. दादाचं लायसन्स, माझी अब्रू, भाऊजींची नाचक्की, सगळं जागच्या जागी बसलं असतं. मी एवढं सांगते की हा विचार माझ्या मनात आला आणि चांगला दोनतीन मिनिटं राहिला.

मग मी बाहेर गेले. ताई बाकावर तशीच होती, ओले पाय फरशीवर. अध्यक्षबाई तिच्या शेजारी बसल्या होत्या.

"ताई, वीज चालू होती," मी म्हणाले.

तिने मान वर केली.

"मी कुलूप चुकीच्या ब्रेकरला लावलं होतं. यांनी वायर हलवली होती, पण मी तपासलंच नाही. तू पाण्यात होतीस तेव्हा हीटर चालू होता. हे ओरडले नसते तर तू कठडा धरला असतास, आणि मी बघत उभी राहिले असते."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. "हेही लिहू?" त्याने विचारलं.

"लिहा," मी म्हणाले.

ताईने फरशीवरचे दोन्ही पाय उचलून बाकावर घेतले. मी तिच्यापुढे टॉवेल धरला, तो तिने घेतला नाही. "दादाला कोण सांगणार?" तिने विचारलं. मी सांगते म्हणाले. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. मग ती उठली आणि कपडे बदलायच्या खोलीकडे गेली, बोळाच्या अगदी मधून, दोन्ही भिंतींपासून सारखं अंतर ठेवून, हात अंगाशी घेऊन. दाराची कडी लोखंडी होती. तिने दार कोपराने ढकललं आणि ते तिच्यामागे बंद झालं.

त्या खोलीला खिडकी नाही. दिवा चार दिवसांपूर्वी मीच बसवला होता आणि बटण दाराजवळच आहे. मी बाहेर उभी राहून दाराखालच्या फटीकडे बघत होते. आत तिची पिशवी उघडल्याचा आवाज आला, मग कपड्यांची सळसळ, मग काहीतरी खाली पडलं आणि ती ते चाचपडत शोधत राहिली. तिने दिवा लावला नाही.